डॉक्टर मॅचला आले

डॉक्टरांच्या पासष्टाव्या वाढदिवसाचं जेवण यंदा घरी होणार नाही, मैदानावर होईल, असं सुलक्षणाबाईंनी गुरुवारी सकाळच्या चहाला जाहीर केलं. डॉक्टरांनी पेपर जरा खाली घेतला, बायकोकडे एकदा पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला.

"जयंतची मॅच वेदरबीच्या बाजूला आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "इथून अर्ध्या तासावर. तीन दिवसांच्या मॅचचा उद्या शेवटचा दिवस. उल्कानं सुट्टी काढलीच आहे, मंजिरीही लेस्टरहून येतेय. डबे भरून नेऊ, सगळे एकत्र जेवू."

"तुम्ही जा," डॉक्टर पेपरामागून म्हणाले. "मला वरणभात लावून ठेव."

या घरात एवढ्यावरच विषय संपत असे. १९८० साली जयंतनं मेडिकलचं पहिलं वर्ष अर्धवट सोडलं आणि काउंटीच्या सेकंड टीममध्ये बॉल टाकायला गेला, तेव्हाही आरडाओरडा झाला नव्हता. डॉक्टर चंद्रशेखर टिपणीस आवाज चढवणारे गृहस्थ नव्हतेच. तेव्हापासून मुलगा घरी आला की ते त्याला हवा कशी आहे ते विचारत, गाडी कशी चालते ते विचारत, आणि क्रिकेटचा शब्द निघाला की उठून बागेत जात. इतक्या वर्षांत लीड्समधल्या त्या बागेतल्या गुलाबांची निगा फार चांगली राहिली होती. मॅचला मात्र ते एकदाही गेले नव्हते.

शुक्रवारी दहाच्या सुमारास उल्काच्या गाडीत डबे चढले. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, आणि दोन दिवस चक्का टांगून केलेलं श्रीखंड. उल्का जयंतहून तीन वर्षांनी मोठी. मँचेस्टरला तिची स्वतःची जीपी प्रॅक्टिस होती आणि बोलण्यात वडिलांचा नेमकेपणा.

"वाढदिवस ज्यांचा ते घरी वरणभात खाणार," ती गाडी सुरू करताना म्हणाली, "आणि श्रीखंड जाणार शेतात."

"शेत नाही गं. मैदान आहे."

पण ती म्हणाली ते अगदीच खोटं नव्हतं. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला मेंढ्या चरणारं कुरण, आणि मधे हिरवा, थोडासा उतरता तुकडा. सप्टेंबरातलं धुकं अजून पुरतं विरलेलं नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्यातून हळूहळू वर येत होती, आधी खांदे, मग पाय. बघायला आलेली मंडळी वीस-बावीस. बहुतेक म्हातारे, कुणाबरोबर कुत्रा, कुणाबरोबर थर्मास. बॅटीवर बॉल बसल्याचा आवाज इतक्या शांततेत उशिरा पोचल्यासारखा वाटे.

सुलक्षणाबाईंनी घडीची खुर्ची उघडली, शाल पायांवर घेतली आणि मिड-ऑनला उभा असलेला आपला मुलगा शोधला. बत्तीस वर्षांचा. पाठीत किंचित वाकलेला. डावा हात खिशात.

अशा खुर्चीत बसून त्यांनी किती उन्हाळे काढले असतील! मैदानांची नावं आता एकमेकांत मिसळून गेली होती. एका ठिकाणी आगगाडीचे रूळ सीमारेषेला लागून होते आणि गाडी गेली की खेळ थांबे. एका ठिकाणी समुद्राचं धुकं येऊन अर्धी टीम दिसेनाशी झाली होती. पहिल्या काउंटीत दोन उन्हाळे, मग त्यांनी त्याला सोडलं. मग लँकेशायरच्या एका गावात शनिवारचा व्यावसायिक खेळाडू म्हणून तीन वर्षं, ज्यातले निम्मे शनिवार पावसानं नेले. मग मिडलँड्समधली ही काउंटी, दर वर्षी एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. हिवाळ्यात कधी ख्रिसमसच्या टपालाची वर्गवारी, कधी खेळाच्या सामानाचं दुकान, एक हिवाळा ऑस्ट्रेलियात. मुख्य टीममधून एकूण चार मॅचेस, त्याही कुणाचं तरी बोट मोडलं किंवा कुणाला तरी देशाच्या टीमनं बोलावलं म्हणून. वेगवान गोलंदाज दमले की जयंत. बॉल जुना झाला, काही घडेनासं झालं की जयंत. तो यायचा, दोन-तीन तास एका टोकाकडून न कुरकुरता टाकायचा आणि दमलेल्यांना दम खाऊ द्यायचा. दुसऱ्यांचा श्वास परत आला की त्याचं काम संपलं.

सुलक्षणाबाईंना त्यात कमीपणा कधी वाटला नाही. का वाटला नाही, हे त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या.

मंजिरी साडेअकराला आली. जयंतची बायको लेस्टरला वाढलेली, तिथल्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला. एरवी ती आली की आधी हसू यायचं, मग ती. आज तिनं उल्काला लांबूनच हात केला आणि सासूला कोपरानं धरून चहाच्या तंबूमागे नेलं.

"आई, एक गोष्ट सांगते. पण तुम्ही माझा नाव सांगायचा नाही हं." तिच्या मराठीतली लिंगं गडबडीत नेहमी घसरायची. "बुधवारी कोचनं त्याला बोलावला. नेक्स्ट यिअर कॉन्ट्रॅक्ट नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे फिनिश. आजचा मॅच लास्ट. दुसरीकडे पण कोणी घेणार नाही आता, त्याला माहितीय. तो म्हणाला, बाबांचा बर्थडे होऊ दे, मग सांगू."

तंबूत कपबशा वाजत होत्या. कुणीतरी बाई साखर मागत होती. सुलक्षणाबाईंना वाटलं होतं, हा दिवस येईल तेव्हा आपल्याला रडू फुटेल. तसं काही झालं नाही. नुसतं सगळं आणखी लांब गेल्यासारखं वाटलं, चर्च, मेंढ्या, मिड-ऑनचा तो वाकलेला माणूस. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला.

खुर्चीपाशी परत आल्या तर उल्का वाटच पाहत होती.

"मी आज जेवताना जयूशी बोलणार आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे, म्हणजे ह्यांच्या कंपनीत जागा आहे. कंप्युटर्स. शिकवतात सगळं. बत्तीस वर्षांचा झाला, आई! एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर मिनीबसमधून फिरतो, त्यांच्याबरोबर बी-अँड-बीतल्या स्वस्त खोल्यांत झोपतो."

"आज नको."

"दर वेळी तुझं आज नको. बाबा बागेत जातात आणि तू खुर्ची घेऊन त्याच्या मागे जातेस. मधे त्याच्याशी खरं बोलायला कुणी नकोच का?" ती भावजयीकडे वळली. "मंजिरी, तू तरी सांग."

एरवी मंजिरीनं नणंदेला तिथल्या तिथे परतवलं असतं. आज ती गवताकडे बघत राहिली. उल्का डॉक्टर होती. कोण काय लपवतंय हे तिला बोलण्यापेक्षा गप्प बसण्यातून चटकन कळे. तिनं आईकडे पाहिलं, मग मंजिरीकडे, आणि विषय सोडून पुऱ्यांचा डबा उघडायला घेतला.

जेवणाची सुट्टी झाली आणि खेळाडू आत जायला लागले, त्याच वेळी फाटकाशी टॅक्सी थांबली. तिच्यातून सूट, टाय आणि चकचकीत काळे बूट घातलेले डॉक्टर टिपणीस उतरले. वॉर्डच्या राउंडला निघाल्यासारखे ते ओल्या गवतावरून सरळ चालत आले. तिघी जणी हातातलं हातात ठेवून बघतच राहिल्या.

"घरात कुणी नव्हतं," डॉक्टर म्हणाले. निवृत्त होऊन त्यांना दहा दिवस झाले होते. "वरणभात गार झाला."

"बसा ना, अहो," सुलक्षणाबाई उठत म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत बसा."

"तू बस. मला दुसरी दे."

जयंत पॅव्हिलियनमधून बाहेर आला तो हात पुसत, मान खाली घालून. जवळ येऊन त्यानं वर पाहिलं आणि थबकला. मग वाकून वडिलांना नमस्कार केला.

"हॅपी बर्थडे, बाबा. तुम्ही... हाउ कम?"

"टॅक्सीनं," डॉक्टर म्हणाले. आशीर्वादासाठी उचललेला हात तसाच राहिला, कारण त्यांचं लक्ष मुलाच्या डाव्या हाताकडे गेलं होतं. "हे काय झालंय?"

"कुठे? हे? काही नाही."

"इकडे आण."

चाळीस वर्षं हाडांची डॉक्टरकी केलेल्या माणसानं मुलाचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि चष्मा वर केला. पहिल्या बोटाचा मधला सांधा अक्रोडासारखा जाड झाला होता. त्याच्या आतल्या अंगाला पिवळट, टणक घट्टा, आणि घट्ट्यावर भरून आलेली जुनी चीर.

"कधीपासून?"

"आठ-नऊ वर्षं. सीझनमध्ये सुजतो. विंटरला खाली जातो."

"दुखतं?"

"मॉर्निंगला. शर्टाची बटणं लावताना."

"दाखवलंस कुणाला?"

"फिजिओला."

"फिजिओला," डॉक्टर म्हणाले. उल्का उगाचच ताटल्या पुसायला लागली. "मूठ कर. उघड. माझं बोट दाब. आणखी जोरात." ते एकेक हाड चाचपत गेले. "गिरणीत तीस वर्षं काढलेल्या माणसांचे असे सांधे मी पाहिलेत. एवढं झिजेपर्यंत तू करतोस तरी काय या बोटानं?"

जयंत हसला. "बॉल फिरवतो, बाबा."

"बघू," डॉक्टर म्हणाले.

उल्कानं कंप्युटर कंपनीचा विषय काढला नाही. श्रीखंड वाढताना तिनं भावाच्या ताटलीत एक चमचा जास्त घातला आणि डबा बंद केला.

जेवणानंतरच्या दुसऱ्याच ओव्हरमध्ये जयंतच्या टीमचा वेगवान गोलंदाज मांडी धरून खाली बसला. त्याला दोघांनी आधार देऊन बाहेर नेलं. बावीस वर्षांच्या कॅप्टननं इकडेतिकडे पाहिलं आणि बॉल जयंतकडे टाकला. समोरच्यांना जिंकायला अजून दीडशेच्या वर धावा हव्या होत्या, आणि हातात आठ विकेट होत्या.

ऊन आता नीट पडलं होतं. जयंत चर्चच्या बाजूनं चार पावलं चालत यायचा, पाचव्यावर वळायचा, आणि बॉल हातातून सुटून वर जायचा. वर जाऊन क्षणभर तिथेच थांबल्यासारखा वाटायचा, उतरायचं त्याला मन होत नसावं. मग उतरायचा आणि बॅटीपासून दूर वळायचा.

"इतका हळू का टाकतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"हळू टाकला तर बॅट्समन पुढे येतो. पुढे आला की चुकतो."

"आणि सारखा एकाच जागी?"

"एकाच जागी दिसतो. प्रत्येक वेळी वीतभर मागेपुढे असतो. तो उंच माणूस बघा, त्याला प्रत्येक बॉल सारखाच वाटतोय."

डॉक्टरांनी मान वळवली. "तुला कसं गं माहीत हे सगळं?"

सुलक्षणाबाई मैदानाकडेच बघत होत्या. दुपारचं ऊन, पोटात श्रीखंड, मेंढ्यांचं मधूनच ओरडणं. त्या अर्धवट झोपेत असल्यासारख्या बोलल्या, आणि म्हणूनच बहुधा बोलू शकल्या.

"मीच शिकवलं त्याला."

"काय?"

"माहेरी, इंदूरला, आमचा नंदू असाच डाव्या हातानं टाकायचा. मी अंगणात त्याला बॉल आणून द्यायची. मग मीही टाकायला लागले. चौदाव्या वर्षी आईनं बंद केलं. वेकफील्डच्या जुन्या घरात, तुम्ही ड्यूटीवर असायचात, बाहेर बर्फ. हा सात वर्षांचा, डावखुरा. स्वयंपाकघरात लिनोलियमवर संत्रं फिरवायला शिकवलं मी त्याला. दोन हिवाळे."

एक अख्खी ओव्हर गेली.

"मला वाटत होतं, शाळेतल्या त्या खेळाच्या मास्तरानं, हॉलरॉइडनं," शेवटी ते म्हणाले.

"तुम्हाला वाटलं. मी वाटू दिलं."

"त्या माणसाशी मी धड बोललो नाही कधी. त्याच्या फ्युनरलला गेलो नाही, सुलू."

"माहीत आहे. मी गेले होते."

डॉक्टरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत लावला. सुलक्षणाबाईंनी पायांवरची शाल पुन्हा नीट केली. जयंतनं मेडिकल सोडल्यापासूनच्या चौदा वर्षांत कितीदा त्यांनी हे मनात बोलून पाहिलं होतं, आणि दर वेळी पुढचं वाक्य डॉक्टरांचं असायचं, आणि ते कधीच चांगलं नसायचं.

"तरीच त्या घरातली संत्री कायम मऊ लागायची," डॉक्टर म्हणाले.

पलीकडे बसलेल्या मंजिरीनं तोंडावर हात धरला. सुलक्षणाबाईंना हसू आलं आणि त्याबरोबर सकाळपासून न आलेलं रडूही आलं. दोन्ही त्यांनी शालीच्या पदरात पुसलं.

त्यानंतर विकेट पडायला लागल्या. पहिला स्लिपमध्ये झेल देऊन गेला. मग तो उंच माणूस. बॉल बाहेर वळणार म्हणून त्यानं बॅट तिकडे नेली आणि बॉल न वळता सरळ आत येऊन त्याची मधली यष्टी घेऊन गेला. तिसऱ्याचा झेल सुटला, अगदी हातातला. जयंतनं झेल सोडणाऱ्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा त्याच चार पावलांवर आला. तो तिसरा पुढे क्रीझबाहेर येऊन यष्टिचीत झाला. चहाच्या सुट्टीत डॉक्टर जागेवरून उठले नाहीत. सहा वाजायला आले तेव्हा आठ गडी बाद झाले होते, त्यातले पाच जयंतचे. बघणाऱ्या वीस-बावीस जणांनी खुर्च्या पुढे ओढल्या होत्या.

आणि कॅप्टननं जयंतच्या हातातून बॉल घेतला.

त्यानं तो एका अठरा वर्षांच्या उंच पोराला दिला, ज्याला क्लब पुढच्या वर्षासाठी पारखत होता. जयंतनं मान हलवली, टोपी घातली आणि मिड-ऑनला जाऊन उभा राहिला. डावा हात खिशात.

"का?" डॉक्टर म्हणाले. "त्याला का काढलं?"

सुलक्षणाबाईंना कारण माहीत होतं. सकाळी मंजिरीनं सांगितलेलं सगळं त्यांच्या ओठावर आलं, आणि त्यांनी ते परत गिळलं.

"तसंच असतं, अहो. नव्या मुलांना द्यावं लागतं."

"पण तो चांगलं टाकत होता! दोन राहिलेत फक्त!" आणि आयुष्यात कधी आवाज न चढवलेले डॉक्टर चंद्रशेखर टिपणीस खुर्चीतून उठले, सीमारेषेच्या दोरापर्यंत गेले आणि वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "पुट हिम बॅक ऑन! पुट टिपणीस बॅक ऑन!"

खेळ थांबला. अंपायरनं वळून पाहिलं. मिड-ऑनच्या माणसानं टोपी चेहऱ्यावर ओढली, पण त्याचे खांदे हलताना दिसत होते. "क्वाइट राइट," बाजूचा एक म्हातारा यॉर्कशायरी सुरात म्हणाला आणि टाळी वाजवली. उल्का तोपर्यंत बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. तिला वाटलं होतं, त्यांना हाताला धरून परत आणावं. पण ती तिथेच थांबली आणि तिनंही टाळी वाजवली.

कॅप्टननं ऐकलं नाही. उंच पोरानं जोरात टाकलं, एक गडी घेतला, चौकार दिले, आणि वेळ संपली तेव्हा समोरच्यांची शेवटची जोडी उभी होती. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. खेळाडूंनी हात मिळवले आणि सावल्या पसरलेल्या गवतावरून आत गेले.

जयंतनं पुढे उल्काच्या नवऱ्याच्या कंपनीत पाऊल टाकलं नाही, हे इथेच सांगून टाकायला हवं. त्या हिवाळ्यात त्यानं लेस्टरच्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवायचं काम धरलं आणि ते त्याला मानवलं. बोटाचं ऑपरेशन जानेवारीत झालं. डॉक्टरांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला स्वतः फोन केला आणि ऑपरेशनच्या दिवशी सबंध वेळ बाहेरच्या बाकावर पेपर न वाचता बसून राहिले. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं.

कपडे बदलून, बॅग खांद्याला लावून जयंत आला तेव्हा मैदान रिकामं होत आलं होतं. मंजिरी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. उल्काला सहाच्या आत मँचेस्टरला निघायचं होतं, ते केव्हाच टळून गेलं होतं. तिनं डबे गाडीत ठेवले, इंजिन सुरू केलं आणि खिडकीतून हाक मारली, "आई, बाबा, चला आता!"

डॉक्टर बसूनच होते.

"पुढची मॅच कुठे आहे तुझी?" त्यांनी विचारलं.

जयंतनं आईकडे पाहिलं. आईचा चेहरा बघून तिला ठाऊक आहे हे त्याला कळलं, आणि मंजिरीनं त्याचा दंड धरला.

"पुढची नाहीये, बाबा. त्यांनी मला सोडला. आजची लास्ट होती." तो वाकून बॅगेचा पट्टा उगाच नीट करू लागला. "तुमच्या बर्थडेला सांगायचं नव्हतं."

सुलक्षणाबाईंनी शालीची घडी घालायला घेतली. आता ते म्हणतील, मी तेव्हाच सांगितलं होतं. आता म्हणतील, असो. आता उठतील, आणि इथे बाग नाही, तर गाडीकडे चालू लागतील.

"काल सांगायचंस," डॉक्टर म्हणाले. आवाज जरा बसला होता, ओरडल्यामुळे असेल. "मी सकाळपासून आलो असतो."

कुरणापलीकडे एक कुत्रं भुंकलं आणि थांबलं.

"बस इथे," डॉक्टरांनी शेजारच्या गवताकडे बोट केलं. "तो उंच माणूस. त्याला कसा बाद केलास, ते मला सांग. पहिल्यापासून सांग, मला त्यातलं काही कळत नाही."

जयंतनं बॅग खाली ठेवली आणि वडिलांच्या काळ्या बुटांपाशी मांडी घालून बसला.

"आधी तीन बॉल त्याला बाहेर टाकले," तो म्हणाला. "सेम ठिकाणी. तो म्हणाला असेल, ह्याच्याकडे एवढंच आहे..."

मागे उल्कानं इंजिन बंद केलं आणि दार उघडून ती त्यांच्याकडे चालत आली.